सासान कोण होता

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तिथून जवळच्या पुसेगावच्या धनगराघरचा मी. बाप मेंढरं राखायचा, आजाही तेच करायचा. मी उर्दू शाळेत सात इयत्ता शिकलो, पुढं एका भल्या डॉक्टरांनी हाताखाली घेतलं, म्हणून माझ्या खांद्यावर घोंगडीऐवजी पांढरा कोट आला. तो कोट मी फार जपायचो. कोणी विचारलं नाही तर आपण कोणाचे कोण हे आपण होऊन सांगत नसे. आज लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मी तसाच होतो.

स्टेशनच्या मागं कापसाची जिनिंग होती. तिचे मॅनेजर पारशी होते. सगळं गाव त्यांना शेठजी म्हणायचं. तरुणपणी सुरतेकडून आले आणि इथंच राहिले. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं, मुंबईला एक भाचा तेवढा होता. अख्ख्या हिंगोलीत पारशी म्हणून ते एकटेच. त्यांना साखरेचा आजार होता आणि डाव्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. ती रोज धुऊन पट्टी बांधायची, असं डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं. दुपारी दवाखाना मिटला की मी पेटी घेऊन जिनिंगच्या आवारातल्या त्यांच्या खोलीवर जाई. असा तीन वर्षं जात होतो.

शुक्रवारी तिथं आणखी एक माणूस भेटे. मिडल स्कूलमध्ये फारसी शिकवणारे मौलवीसाब. नमाज आटोपली की ते मशिदीतून थेट जिनिंगवर येत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि चहा यायच्या आत वादाला तोंड फोडत. दोघं आपसात उर्दूत बोलत. मौलवीसाब पिढ्यान्‌पिढ्या हिंगोलीचे, त्यामुळं माझ्याशी बोलताना त्यांची मराठी अगदी आमच्यासारखी. शेठजींची मराठी अर्धी गुजराती होती.

पहिल्याच शुक्रवारी माझ्या कानावर 'सासानी बादशाही' असं काहीतरी पडलं. मी पट्टी गुंडाळत विचारलं, "शासन म्हंजे राज्य. त्यावरून पडलं का हे नाव?"

दोघंही थांबले आणि हसायला लागले. शेठजींच्या पोटाबरोबर त्यांचा पायही हलायला लागला, मला पट्टी धरून बसावं लागलं.

"न्हाई रे बाबा," मौलवीसाब म्हणाले. "सासान हे माणसाचं नाव. इराणात मुसलमानांच्या आधी चारशे वर्षं ज्यांनी राज्य केलं, ते ह्या सासानचे वंशज. म्हणून सासानी. गंमत अशी, की ज्याचं नाव घराण्याला लागलं तो स्वतः कधी तख्तावर बसलाच न्हाई."

"मग कोण होता तो?"

"हेच तर," मौलवीसाब शेठजींकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्यांना पटत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. सिकंदरानं दारा बादशहाचं राज्य घेतलं तेव्हा दाराचा एक मुलगा जीव वाचवून हिंदुस्थानात पळाला. त्याचं नाव सासान. तो परदेशातच मेला, पण त्याच्या पोराचं नावही सासान, नातवाचंही सासान. असे चार पिढ्या सासान झाले. राज्य गेलं, दौलत गेली, नाव तेवढं राहिलं. मेंढरं राखून पोट भरत होते. त्यातला शेवटचा सासान इराणात परतला आणि पापक नावाच्या सरदाराकडं मेंढक्या म्हणून राहिला. एकदा पापकाला स्वप्न पडलं. आपला मेंढक्या हत्तीवर बसलाय, हातात तलवार आहे, लोक वाकून मुजरा करताहेत. दुसऱ्या रात्री पुन्हा स्वप्न, त्यात सासानसमोर तीन पवित्र अग्नी पेटलेले. पापकानं त्याला बोलावून विचारलं, तू खरा कोण? सासान म्हणाला, आधी अभय द्या, मग सांगतो. सांगितल्यावर पापकानं त्याला आपली पोरगी दिली. त्यांचा मुलगा अर्दशीर. तो पहिला बादशहा.

"म्हंजे घरजावईच झाला की!" मी म्हणालो.

मौलवीसाब मांडीवर थाप मारून हसले. शेठजींना मात्र हसू आलं नाही.

"खोटी वात," ते म्हणाले. "सासान इस्तखरच्या अग्यारीचा मुख्य होता. अग्नीची सेवा करणारा, मानाचा माणस. पापक त्याचा बेटा, अर्दशीर नातू. बादशहाचा मूळपुरुष काय भरवाड होता?"

भरवाड म्हणजे धनगर, हे मला कळत होतं. मी मान खाली घालून पट्टीला गाठ मारली.

हा वाद दर शुक्रवारी नव्यानं सुरू होई. मौलवीसाब जुन्या फारसी पोथ्यांतले दाखले घेऊन येत. शेठजी आपल्या दस्तुरांकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, लहानपणी ऐकलेलं सांगत. कोणी हरत नव्हतं. मला वाटायचं, दोघांनाही हरायचंच नाही आणि जिंकायचंही नाही. शुक्रवार आला पाहिजे, एवढंच हवंय. शेठजी गुरुवारीच मला विचारत, "उद्या मौलवी येणार ना?" आणि मौलवीसाब बाजारात भेटले की म्हणत, "शेठला सांगा, नवी पोथी मिळाली."

एका शुक्रवारी शेठजी चिडून म्हणाले, "आखो दिवस मेंढ्यांच्या पाठीमागे फिरणाऱ्याला अक्कल ती केवढी? त्याच्या पोटी बादशहा?"

माझा हात थांबला. का कोण जाणे, त्या दिवशी मला गप्प बसवेना.

"शेठजी, माझा बाप मेंढरंच राखतो. पुसेगावला."

मौलवीसाब कपात बघत राहिले. मी पेटी आवरून निघालो. आता उद्यापासून दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणतील, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर शेठजी वाट बघत होते. पाय पुढं केला आणि विचारलं, "मेंढीच्या पायाला जखम झाली तर तुझा बाप काय करतो?"

"निंबाचा पाला उकळतो आणि त्या पाण्यानं धुतो."

"तर मग आज माझापण तसाच धू."

त्यांनी चौकीदाराला पाला आणायला पाठवलं. माफी वगैरे काही मागितली नाही, मलाही ती नको होती. मौलवीसाबांशी वाद त्यांनी सोडला नाही, पण 'भरवाड' शब्द आला की आवाज खाली आणत आणि माझ्याकडं बघत.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात, जिनिंग ऐन भरात असताना, चौकीदार धावत दवाखान्यात आला. शेठजी दाढी करता करता खाली पडले होते. मी आणि डॉक्टरसाहेब गेलो. उजवी बाजू लुळी पडली होती, तोंड वाकडं झालं होतं. डॉक्टरसाहेबांनी डोळे बघितले, हातपाय उचलून बघितले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "लकवा आहे. जीव वाचेल. वाचा येईल का, सांगता येत नाही."

जीव वाचला. वाचा गेली. महिनाभरानं त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला, तो म्हणजे 'पण'. तेवढाच. गुजरातीतही पण आणि मराठीतही पणच. पाणी हवं असलं तरी पण, खिडकी लावायची असली तरी पण. डोळ्यांवरून कळे की आत सगळं जागेवर आहे. त्यांना माणसं ओळखू येत होती, कालचं आठवत होतं, मी पट्टी ढिली बांधली तर तेही समजत होतं. बोलायला जात आणि 'पण' येऊन अडके. मग डोळ्यांतून पाणी यायचं. मी रुमालानं पुसायचो आणि भलतंच काहीतरी बोलत राहायचो, आज कापूस किती आला, स्टेशनवर कोण उतरलं. त्यांना ते ऐकायचं नसायचं, हे मला समजायचं. दुसरं काय करावं ते समजत नसे.

जिनिंगच्या मालकांनी दुसरा मॅनेजर नेमला, पण खोली राहू दिली. मुंबईच्या भाच्याला मी पत्र टाकलं. येतो, असं उत्तर आलं. तेव्हा आमचा मुलूख हिंदुस्थानात सामील झाला नव्हता आणि ये-जा सोपी राहिली नव्हती. रझाकारांच्या हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, हद्दीवरची गावं ओस पडत होती. तो आला नाही.

मौलवीसाब मात्र शुक्रवार चुकवत नव्हते. पहिले दोन शुक्रवार ते नुसते बसून राहिले. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पलंगाकडं वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "शेठ, मी परत वाचून आलो. सासान धनगरच होता."

शेठजींचा चेहरा लाल झाला. डावा हात गादीवर आपटला. "पण... पण... पण!"

"पण काय? सांगा की! अग्यारीचा मुख्य होता? पुरावा काय?"

"पण! पण!"

मौलवीसाबांचे डोळे चमकत होते. जाताना दारात मला म्हणाले, "पाहिलं का? तीनदा बोलला, आवाज चढवून बोलला. एक दिवस असंच बाकीचं बाहेर पडंल."

मलाही तसंच वाटलं. पुढचे पाच-सहा शुक्रवार असेच गेले. शेठजी गुरुवारपासून जेवण नीट घेत. शुक्रवारी दुपारी दाराकडं तोंड करून निजवावं म्हणून खुणा करत.

एकदा डॉक्टरसाहेब त्याच वेळी तिथं आले. त्यांनी शेठजींची नाडी बघितली आणि मला बाहेर घेतलं. "हे काय चाललंय? असा संताप आला तर दुसरा झटका येईल. मौलवींना सांग, त्यांना शांत ठेवा."

मी सांगितलं. ते मीच सांगितलं, हे मी अजून विसरू शकत नाही. मौलवीसाब शाळेच्या पायरीवर बसले होते. ऐकून म्हणाले, "राग येऊ द्यायचा न्हाई, तर मग काय येऊ द्यायचं? दुसरं त्यांच्यापाशी राहिलं काय?"

"डॉक्टरसाहेब म्हणतात, जीव जाईल."

ते पायरीवरून उठले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमी म्हणता तसं."

त्या शुक्रवारी ते आले, पलंगाशेजारी बसले. शेठजींचा डावा हात आधीच मूठ वळून तयार होता. मौलवीसाबांनी तो आपल्या हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "शेठ, मी खूप विचार केला. तुमचंच बराबर आहे. सासान अग्यारीचाच होता. मी हरलो."

शेठजी त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. 'पण'सुद्धा म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी मौलवीसाब पोथी घेऊनच आले. "शेठ, माझी चूक झाली होती. इथं साफ लिहिलंय, धनगर!" ते ओरडून सांगत होते. शेठजींनी डोळे मिटून घेतले. ह्या माणसाला आता आपली कीव येतेय, हे त्यांना एकदा कळलं होतं. एकदा कळलेलं परत कसं घेणार? मौलवीसाब पोथी मिटून बाहेर आले आणि ओट्यावर बसून रडले. मी जवळ उभा होतो. माझ्या सांगण्यावरून त्यांनी ते केलं होतं. डॉक्टरसाहेबांचं चुकलं होतं असंही मी म्हणू शकत नव्हतो. त्यांचं काम त्यांनी केलं होतं.

त्या दिवसानंतर 'पण' हा शब्दही शेठजींच्या तोंडून क्वचित निघे. मी चमच्यानं पेज पाजायचो. अर्धी पोटात जायची, अर्धी उशीवर सांडायची.

पावसाळ्याच्या सुरुवातीला माझा बाप हिंगोलीला आला. पुसेगावची निम्मी माणसं वाशीमकडं हद्दीपार गेली होती. माझी आई, गावी ठेवलेली माझी बायको आणि मेंढरंही पलीकडं पोचली होती. बाप मला न्यायला आला होता.

"चल," तो म्हणाला. "हितं काहून बसला?"

"बाबा, एक म्हातारा हाय. त्याला पाहणारं कोणी न्हाई."

"कोण हाय तो आपला?"

मी त्याला खोलीवर घेऊन गेलो. बाप दारातच जोडे काढून खाली बसला, घोंगडी मांडीवर घेतली. शेठजींनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर लगबग दिसली. डाव्या हातानं ते खुर्ची दाखवायला लागले.

"वर बसा म्हणतात," मी बापाला सांगितलं.

बाप संकोचून खुर्चीच्या कडेवर टेकला. शेठजी त्याच्याकडं बघून काहीतरी सांगायला लागले. "पण... पण..." बराच वेळ. ओठ हलत होते, मान हलत होती, कपाळावर घाम आला. बाप वाकून ऐकत होता आणि दर वेळी "व्हय, व्हय जी" म्हणत होता.

"काय म्हणून राहिले ते?" त्यानं मला विचारलं.

"मला न्हाई समजत, बाबा."

बापानं मग स्वतःच उठून त्यांचा लुळा हात घेतला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायला सुरुवात केली, पावसात आखडलेल्या कोकराचे पाय चोळतात तसा. तासभर चोळत होता. हात काही हलला नाही. शेठजी झोपी गेले तेव्हा बाप उठला. "राहा तू," एवढंच म्हणाला आणि पायी वाशीमच्या वाटेला लागला. मी त्याला चार कोस पोचवायलाही जाऊ शकलो नाही.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. त्याआधीच पूर्णेकडून येणारी गाडी बंद झाली होती, तार जात नव्हती, टपाल नव्हतं. कालपर्यंत ज्यांची भीती वाटत होती ते पळाले आणि ज्यांनी कोणाचं काही केलं नव्हतं ते आपापल्या घरांत कड्या लावून बसले. मुसलमान मोहल्ल्यातल्या गल्ल्या दिवसाढवळ्या रिकाम्या दिसत. कुठं कसा सूड उगवला गेला ते ऐकू येत होतं. मी पांढरा कोट घालून दवाखाना ते जिनिंग जात होतो, मला कोणी अडवत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी पेज घेऊन गेलो तर शेठजी गेलेले होते. चौकीदार दाराशी बसला होता. त्यानं विचारलं, "आता ह्यांचं काय करायचं?"

मला ठाऊक नव्हतं. पारशी लोक मयत कुठं नेतात हे ऐकून होतो, पण तसली जागा आसपास नव्हती आणि असती तरी नेणार कशी? भाच्याला कळवता येत नव्हतं. दवाखाना फौजेकडून आलेल्या जखमींनी भरला होता. डॉक्टरसाहेब मान वर न करता म्हणाले, "छावणीच्या वेळचं गोऱ्यांचं कब्रस्तान आहे, तिथं जागा बघा. परवानगी कोणाकडं मागणार? कचेरीत माणूस नाही."

त्यांच्या धर्माची माहिती गावात एकाच माणसाला होती. मी मौलवीसाबांच्या घरी गेलो. दार वाजवलं. आत हालचाल थांबली. मी माझं नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं. खूप वेळानं दाराच्या फटीपाशी आवाज आला.

"काय झालं?"

"शेठजी गेले."

मग ते वाचून दाखवल्यासारखं सावकाश बोलले, "जाळू नका. आग त्यांच्याकडं पाक आहे, मयतानं बाटते. मातीही पाक आहे, पुरणंही बराबर न्हाई, पण आता इलाज न्हाई. खाली दगड टाका, अंगाला माती लागू देऊ नका. पांढरा कपडा घाला, धुतलेला. नवा नको. कुत्र्याची नजर मयतावर पडली पाहिजे. तेवढं करा."

"तुमी येता का?"

"मला बाहेर निघता येत न्हाई, बेटा. घरात बायका आहेत."

दार उघडलं नाही. मीही उघडा म्हणालो नाही.

मी आणि चौकीदारानं शेठजींना आंघोळ घातली, त्यांचाच धुतलेला सदरा घातला. आवारातलं कुत्रं बोलावलं, ते येऊन उंबऱ्याशी बसलं. जिनिंगच्या बैलगाडीवर घालून नेलं. खड्ड्यात दगड रचले, वर जुन्या फळ्या टाकल्या. प्रार्थना कोणती म्हणायची ते मौलवीसाबांना विचारायचं मी विसरलो होतो. चौकीदार म्हणाला, "तुमी शिकलेले, तुमी काही म्हणा." मला काहीच आलं नाही. आम्ही दोघं थोडा वेळ उभे राहिलो आणि परत आलो.

टपाल आणि गाड्या सुरू झाल्यावर माझं पत्र पोचलं आणि भाचा आला. पन्नाशीचा, घामाघूम झालेला सज्जन माणूस. मी त्याला जागा दाखवली. पहिलाच प्रश्न त्यानं विचारला, "जाळलं नाही ना?"

"न्हाई."

त्यानं डोक्यावर टोपी घातली, तिकडं तोंड करून बराच वेळ पुटपुटला. मग माझा हात धरला. पुढच्या गाडीनं गेला.

त्या वर्षी शाळेत मराठी सुरू झाली आणि फारसीचा तास उठला. मौलवीसाबांनी हैदराबादला मुलीकडं जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यात आले. केस पांढरे झाले होते. त्यांच्या बीबींना प्रवासात उलट्या होतात, त्याचं औषध हवं होतं. मी बाटली भरली, तीन खुणांची कागदी पट्टी चिकटवली.

"सकाळी एक, दुपारी एक. गाडीत बसायच्या आधी एक," मी सांगितलं.

"हलवून?"

"व्हय, हलवून."

मागं रोग्यांची रांग होती. ते तिथंच उभे राहिले, मीही हातातलं बूच फिरवत राहिलो. शेठजींचा विषय कुठून काढावा, दोघांनाही कळलं नाही. मग रांगेतली एक बाई रडणारं लेकरू घेऊन पुढं आली आणि मौलवीसाब बाजूला सरले.